काकांचा एमआरआय

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तू पाठवलेले पत्र आणि काकांच्या रिपोर्टची प्रत मिळाली. ‘मेंदूतला डाग अवघा दीड सेंटिमीटरचा आहे, म्हणजे पक्षाघाताचा झटका किरकोळच ना?’ या तुझ्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. त्याचे उत्तर देण्याआधी मात्र, सीटी झाल्यावर पुन्हा एमआरआय करण्यात वेळ वाया घालवला, हा तुझा डॉक्टरांवरचा राग थोडा उतरवतो.

काका परवा झोपेतून उठले तेव्हा डावा हात आणि पाय लुळा पडलेला होता. झटका नक्की केव्हा आला हे कोणालाच ठाऊक नव्हते. मेंदूची रक्तवाहिनी अडवणारी रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि उशीर झालेल्या मेंदूत ते दिले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही एवढे कळले, पण वेळ कळली नाही. एमआरआयमध्ये मात्र एक सोय आहे. रक्त तुटलेला भाग ‘डिफ्युजन’ चित्रात काही मिनिटांतच पांढरा चमकू लागतो, तर ‘फ्लेअर’ चित्रात तो उमटायला काही तास लागतात. काकांच्या पहिल्या चित्रात डाग होता आणि दुसऱ्यात नव्हता, म्हणजे झटका ताजा होता. म्हणूनच त्यांना इंजेक्शन मिळाले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीत अशाच रुग्णांपैकी इंजेक्शन मिळालेले सुमारे 53 टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, तर न मिळालेले सुमारे 42 टक्के. तुला वाया गेली असे वाटणारी ती वेळ चित्राने घड्याळाचे काम करण्यात गेली.

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची गुठळी चौदा तासांनंतरही नळी घालून काढली आणि काकांची का नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्यांच्या मेंदूची मोठी धमनी बंद झाली होती. अशा वेळी मधला भाग मरतो, पण त्याभोवतीचा भाग आजूबाजूच्या वाहिन्यांच्या तुटपुंज्या रक्तावर, काम थांबवून, जीव धरून राहतो. त्याला आम्ही ‘पेनंब्रा’ म्हणतो. शाळेत ग्रहणाच्या धड्यात शिकलेली उपच्छाया ती हीच. मेंदूत रक्त कुठे किती पोहोचते ते दाखवणाऱ्या परफ्युजन स्कॅनमध्ये मेलेला भाग लहान आणि उपच्छाया मोठी दिसली, तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही गुठळी काढण्यात अर्थ असतो. काकांची बंद पडलेली वाहिनी इतकी बारीक आहे की तिथे नळी पोहोचतच नाही.

आता त्या दीड सेंटिमीटरविषयी. रिपोर्टमध्ये आकाराच्या आधी जागा लिहिली आहे ती पुन्हा वाच: इंटर्नल कॅप्सूलचा मागचा भाग. हातापायांना हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या पृष्ठभागावरून पसरट निघतात आणि इथे येऊन एका चिंचोळ्या खिंडीत दाटीवाटीने जातात. मेंदूच्या पुढच्या भागात लिंबाएवढा डाग असूनही हात धड असलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि या खिंडीत वाटाण्याएवढ्या डागाने अर्धे अंग गेलेलेही. त्यामुळे आकारावरून धीर धरू नकोस, आणि घाबरूही नकोस. सगळे तंतू तुटले की काही वाचले, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

ते तंतू रंगीत रेषांत दाखवणारा ‘ट्रॅक्टोग्राफी’चा एमआरआय करावा का, असे तू विचारतोस. चित्र देखणे येते हे मान्य. पण ऑकलंडच्या संशोधकांनी हाताची सुधारणा वर्तवण्यासाठी 2012 साली मांडलेल्या पद्धतीत एमआरआय होता, आणि 2017 च्या सुधारित पद्धतीत त्यांनीच तो वगळला, कारण खाटेजवळ केलेल्या तपासणीतून मिळणाऱ्या, झटक्याची तीव्रता सांगणाऱ्या गुणांवरून तेवढेच काम भागत होते. चित्रे वाचण्यावर माझे पोट आहे, तरी हे मला पटते.

त्या पद्धतीची पहिली पायरी उद्या, झटक्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, करता येईल. फिजिओथेरपिस्टना काकांचा डावा खांदा बाजूला उचलायला आणि मिटलेली बोटे उघडायला सांगून प्रत्येकाच्या जोराला वेगळे पाचपैकी गुण द्यायला सांग. बेरीज पाच किंवा अधिक आली, तर 80 वर्षांखालच्या रुग्णाचा हात तीन महिन्यांत बहुतांशी पूर्ववत होण्याची अपेक्षा धरतात. कमी आली तर डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मनगटाचा स्नायू प्रतिसाद देतो का ते पाहतात. दिला तर मेंदूपासून हातापर्यंतची तंतूंची वाट शाबूत आहे. ही पद्धत चारांपैकी तिघांच्या बाबतीत बरोबर ठरली, म्हणजे एकाच्या बाबतीत चुकली, आणि ती फक्त हाताविषयी बोलते. चालण्याविषयी मी यावरून काही सांगणार नाही.

उद्याचे गुण कळव. आणि फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, पूर्ण सीडी पाठव. फोटोत नेमकी ती खिंडच चकाकीत झाकली गेली आहे.

तुझा,
जुना मित्र