मामा, सूचना ज्याची त्याला पोहोचली

आदरणीय मामा,

आभाराचा विषय काढला की तुम्ही 'आधी चहा घे' म्हणून तो बुडवता. म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहितोय.

आमच्या शहापुरातल्या भजनी मंडळानं यंदा गणपतीत दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट, पेटी आणि तबला घेऊन अभंग बसवायचं ठरवलं. म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या संगणक-प्रोग्राममध्ये स्वर मी घातले, त्यात अडचण नव्हती. घोळ झाला तो स्वरांवर लिहिलेल्या सूचनांचा. 'ध्रुवपद दोनदा', 'इथे तबला थांबेल', 'लय हळूहळू उतरवा'. घरी अक्षरं सुबक दिसायची. छपाईच्या दुकानात फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी. पहिल्या तालमीत क्लॅरिनेटवाला ध्रुवपद एकदाच वाजवून पुढे गेला. मी रागावलो, आणि त्यानं मुकाट्यानं त्याचा कागद पुढे केला. त्यावर सूचनाच नव्हती.

त्या रात्री मी तुमच्याकडे आलो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये तुमची हयात गेली, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तुमच्या अंगवळणी. तुम्ही एकच विचारलंत, "ही सूचना कुणासाठी लिहिलीस?" सगळा गुंता तिथेच सुटला. मी कंट्रोल-टी दाबून सगळं पेटीच्या ओळीवर लिहीत होतो. तो स्टाफ टेक्स्ट. ज्या वाद्याच्या ओळीवर लिहाल त्याच्याच कागदावर उतरतो. सगळ्यांसाठी असेल ते कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून सिस्टिम टेक्स्टमध्ये घालायचं.

अक्षरांची खिचडी होत होती ती मी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केल्यामुळे. तुम्ही मला सगळं पुन्हा टाइप करायला लावलंत. स्वतः करून दिलं असतंत तर अर्ध्या तासात झालं असतं. पण तीन संध्याकाळी शेजारी बसून राहिलात, माऊसला हात लावला नाहीत. एकेका सूचनेचा फॉन्ट आणि आकार मी वेगवेगळा बदलला होता, तो सगळा पुसून स्टाइलच्या खिडकीत एकदाच मुक्ता फॉन्ट ठरवला आणि तो सगळ्या पार्टांना, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या कागदाला, लावला. माऊसनं ओढून जागा बिघडवलेल्या सूचना कंट्रोल-आर दाबून मूळ जागी आणल्या. आता पानाचा आकार बदलला तरी सूचना आपापल्या स्वरावरून हलत नाहीत.

मनात घर केलेली गोष्ट मात्र वेगळी. आमचा दुसरा व्हायोलिनवाला कन्नड शाळेत शिकलेला. मराठी अस्खलित बोलतो, वाचताना अडखळतो. इतके दिवस तो शेजाऱ्याच्या कागदात डोकावून वाजवत होता आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तुमच्या आलं. 'गज हलका ठेवा' हे तुम्ही कन्नडात सांगितलंत, मी ते फक्त त्याच्या ओळीवर स्टाफ टेक्स्ट म्हणून नोटो सान्स कन्नडमध्ये घातलं. त्या एका ओळीला फॉन्ट वेगळा, बाकी साज तोच.

परवा तालमीत नवे कागद वाटले. त्यानं आपला कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग गज इतका अलगद टेकवला की मी पेटीचा भाता क्षणभर विसरलो.

शनिवारी सात वाजता तालीम आहे, मामा. पहिल्या व्हायोलिनशेजारी तुमची खुर्ची मांडून ठेवतो. त्या दिवशी चहा आमच्याकडे.

तुमचा,
शहापूरचा पेटीवाला