काचेच्या भिंतींचं कौतुक आणि ताप

महोदय,

आलिशान घरांचे देखणे फोटो सगळीकडे छापून येतात, म्हणून हे पत्र. मी निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपासून मुलाच्या अशाच नव्या घरात राहते. पहाटे दिवाणखान्याच्या जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेतून उजेड आत येतो, तेव्हा खरंच हरखून जायला होतं. लिफ्ट दारापर्यंत येते, माझे गुडघे तिला दुवा देतात.

पण दुपार झाली की तीच काच छळते. पश्चिमेचं ऊन आत शिरतं, फरशी, सोफा सगळं तापतं आणि ती उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. मग पडदे ओढून एसी लावायचा, म्हणजे ज्या दृश्यासाठी पैसे मोजले तेच झाकायचं! छत दोन मजले उंच. थंडीत हीटरची ऊब वर जाऊन बसते, खाली आम्ही शाल पांघरून.

संगमरवराचा तर धाकच. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे लिंबाचा थेंब सांडला तरी चकाकी जाते. परवा न्हाणीघरात स्वस्थ बसले होते, तर दिवा विझला. तो हालचालीवर चालतो म्हणे. अंधारात हात हलवत बसले, कवायत घेतल्यासारखी.

वास्तुरचनाकारांना एवढंच विचारायचंय: आराखडा काढताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा तरी विचारता का?

आपली,
एक वाचक