ब्रिटन-आयर्लंडच्या सहलीतल्या टूर मॅनेजर ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

लंडनहून निघून स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स करत परत लंडन, हा कित्येक आठवड्यांचा फेरा घड्याळाच्या हिशोबावर चालतो. तो हिशोब तुम्ही शेवटपर्यंत सांभाळलात, म्हणून हे पत्र.

पहिले आभार व्हिसाच्या तपासणीचे. युकेच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही नोंद असली की भारतीय पासपोर्टवर आयर्लंडलाही जाता येतं, पण आधी युकेत रीतसर प्रवेश झालेला हवा. म्हणून आधी लंडनलाच उतरायचं, हे तुम्ही तिकिटं काढण्यापूर्वीच बजावलंत. युकेत मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून दक्षिणेला, आयर्लंड देशात जाताना हद्दीवर चौकी नसते; पाट्यांवर मैलांऐवजी किलोमीटर दिसले की देश बदललेला असतो. चौकी नाही म्हणजे कागद लागत नाहीत, असा समज सहज होतो. तुम्ही पासपोर्ट खांद्यावरच्या पिशवीतच ठेवायला लावलेत.

दुसरे आभार वेळेबाबतच्या कडकपणाचे. तिथे चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. ती तोडून घ्यायची तर त्याचेही नियम ठरलेले असतात. दिवसाला ९ तास, आठवड्यातून फार तर दोनदा १०. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवतं, तिथे विनवणीला जागा नाही. एडिंबराहून बेलफास्टच्या बोटीसाठी केर्नरायन बंदराला जाताना एअर गावाच्या पुढचा किनाऱ्याचा रस्ता बराचसा जायला एक, यायला एक अशा पदरांचा. पुढे ट्रक आला की वेळ भरून निघत नाही. बोट चुकली की बेलफास्टला पोहोचायला उशीर, मग चालकाची रात्रीची विश्रांती पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी जायंट्स कॉजवे या खडकांच्या खांबांच्या किनाऱ्यावरचा वेळ कापला जातो. सकाळी हॉटेलच्या दारात गेलेली वीस मिनिटं अशी महाग पडतात. हे तुम्ही पहिल्याच संध्याकाळी समजावलंत, त्यामुळे पुढे कुणाला रागवावं लागलं नाही.

बोट सुटल्यावर गाड्यांचा डेक बंद होतो, म्हणून औषधं आणि स्वेटर आधीच वर न्यायची तुमची आठवण फार मोलाची होती.

आणि आयर्लंडमधली रिंग ऑफ केरी! १७९ किलोमीटरचा हा किनाऱ्याचा फेरा मोठे कोच किलार्नीहून किलॉर्ग्लिनमार्गे घड्याळाच्या उलट दिशेने करतात, कारण अरुंद वळणांवर दोन कोच समोरासमोर आले तर वाट अडते. त्यामुळे समुद्र उजव्या खिडक्यांना येतो. तुम्ही वॉटरव्हिलच्या थांब्यानंतर डाव्या-उजव्या रांगांची अदलाबदल केलीत. सीट रोटेशन सगळेच करतात; रस्त्याची दिशा पाहून करणारे थोडे.

जेवणाबाबत तर शब्द अपुरे आहेत. तिकडच्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं चालतं आणि वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. नुसतं ‘व्हेज’ न म्हणता अंडं नाही, मासे नाहीत, जैन मंडळींना कांदा-लसूण-बटाटा नाही, असं तुम्ही प्रत्येक हॉटेलला आधीच लेखी कळवलंत. लहान गावांतली स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. आयत्या वेळी सांगितलं असतं तर ब्रेड-चीजवरच भागवावं लागलं असतं.

चालकदादांनाही आमचा नमस्कार पोहोचवा. व्हिसा आणि जेवणाच्या तुमच्या याद्या पुढच्या ग्रुपला निघण्याच्या बऱ्याच आधी द्या, एवढी विनंती.

आपले कृतज्ञ,
कोचमधले सगळे प्रवासी