हायफनकडे कुणी बघतच नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात इंग्रजीचं जे सदर येतं त्यात स्पेलिंग असतं, काळ असतात, पण हायफनबद्दल, म्हणजे शब्द जोडणाऱ्या छोट्या आडव्या रेघेबद्दल, कधीच काही वाचलं नाही, म्हणून हे पत्र.

मागे आमच्या ऑफिसात ड्युटीची नोटीस लागली, त्यात 'ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स' असं छापलेलं आणि मध्ये एकही आडवी रेघ नाही. आता काय समजायचं? फक्त फोर आणि अवर जोडले तर चार-चार तासांच्या वीस शिफ्ट, म्हणजे ८० तास. फक्त ट्वेंटी आणि फोर जोडले तर तासाभराच्या चोवीस. आणि तिन्ही जोडले तर अख्ख्या दिवसाची एकेक शिफ्ट! आमच्यातल्या एकाने तर घरी फोन करून सांगितलं पण की उद्या रात्री येत नाही, आणि शिफ्ट निघाल्या चार तासांच्या.

नियम तसा सोपाय. दोन शब्द मिळून नामाबद्दल एकच गोष्ट सांगतायत आणि नामाच्या आधी आलेत तर हायफन द्यायचा, वेल-नोन रायटर. तेच नंतर आले तर नको, द रायटर इज वेल नोन. आधीचा शब्द हायलीसारखा एलवायने संपणारं क्रियाविशेषण असेल तरीही नको, कारण तो कुणाला लागू होतो ते उघडच असतं. रिझाइन आणि री-साइनमध्ये तर फरकच त्या रेघेचा, ती द्यायची विसरली की पुन्हा सही करतो म्हणणाऱ्याचा राजीनामा होतो.

काही जण म्हणतात हायफन आता जुना झाला. कमी होतोय हे खरंय, २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीने जवळपास १६ हजार शब्दांमधले हायफन काढले, बंबलबी एक शब्द झाला, आइस क्रीम दोन सुटे झाले. टुडे, टुमॉरोमध्येसुद्धा पूर्वी हायफन असायचा. पण हे रुळलेले शब्द आहेत, अडलं तर डिक्शनरी उघडून बघता येतात. नामाआधीची जोडी आपण लिहिता लिहिता तयार करतो, ती कुठल्या डिक्शनरीत सापडणार? ती शिकवावीच लागते, आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही.

तेव्हा सदरात यावर दोन-तीन भाग द्याच, आणि सुरुवात फाइव्ह-इयर-ओल्ड बॉयपासून करा, तिथे हायफन दोन लागतात आणि मुलं दुसरा हमखास खातात.

आपला,
एक नियमित वाचक