अर्जात हवेचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरदातले नाट्यप्रयोग, मैफली, नृत्याचे कार्यक्रम, संमेलने महासाथीत घ्यायची की नाही, या वादात दोन्ही बाजू खुर्च्याच मोजत बसतात. एक म्हणते निम्म्या भरा, दुसरी म्हणते सगळ्या. सभागृहांची तांत्रिक व्यवस्था आणि प्रेक्षकांचे नियोजन हेच आमचे काम आहे, म्हणून एक मागणी मांडतो. कार्यक्रमाच्या परवानगीच्या अर्जात आसनसंख्येशेजारी आणखी दोन रकाने असावेत: सभागृहात दर तासाला बाहेरची किती हवा येते, आणि माणसे आत किती वेळ असतील. हे दोन आकडे नसतील तर ‘पन्नास टक्के क्षमता’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. कोंदट सभागृह निम्मे भरले तरी धोक्याचे असते. हवेशीर सभागृहात त्याहून जास्त माणसे कमी धोक्यात बसू शकतात.

पहिला आकडा काढणे अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च 2021 च्या मार्गदर्शक आराखड्यात रुग्णालये आणि घरे सोडून इतर इमारतींसाठी दर माणशी, दर सेकंदाला किमान 10 लिटर हवा सुचवली आहे. म्हणजे माणशी तासाला 36 घनमीटर. बाहेरची हवा आत ओढणाऱ्या जाळीवर वाऱ्याचा वेग मोजायचा, एकाच जागी नव्हे तर किमान नऊ ठिकाणी, आणि सरासरी काढायची. समजा जाळीची मोकळी जागा 0.8 चौरस मीटर आणि सरासरी वेग सेकंदाला 2 मीटर. गुणाकार 1.6 घनमीटर, तासाला 5760. त्याला 36 ने भागले की उत्तर 160. ही 160 माणसे म्हणजे एकूण माणसे. रंगमंचावर 24 कलाकार आणि विंगेत, प्रकाशयोजनेवर, दारांवर मिळून 16 जण असतील तर तिकिटे 120 च विकायची. कलाकारही श्वास घेतात, हे तिकीट विकताना हमखास विसरले जाते.

या मोजणीत तीन घोळ नेहमी होतात. जाळीच्या पट्ट्यांनी अडलेली जागा वजा केली जात नाही, त्यामुळे आकडा फुगतो. पंख्याची एकूण हवा मोजली जाते, पण तिच्यातली बरीचशी आतलीच परत फिरवलेली असते. तिसरा घोळ खास शरदातला: गारठा सुरू झाला की खर्च वाचवायला बाहेरच्या हवेची झडप अर्धी मिटवून ठेवतात आणि पुढे कुणी तिच्याकडे बघत नाही. म्हणून मोजणी कार्यक्रमाच्याच आठवड्यात, झडप ज्या स्थितीत राहणार त्याच स्थितीत व्हावी. भिंतीवरच्या साध्या स्प्लिट एसीबद्दल तर अर्जात स्पष्टच छापावे, की त्याची हवा शून्य धरावी. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो.

मोजमाप खरे की खोटे याचा पडताळा कार्बन डायऑक्साइडच्या मीटरने घेता येतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग असते. माणशी 10 लिटर हवा मिळत असेल तर शांत बसलेल्या प्रेक्षकांत काटा 900 च्या आसपास स्थिरावतो. नाचणाऱ्यांच्या गर्दीत तो बराच वर जाणार, कारण श्रमाने उच्छ्वास वाढतो. मीटर अवरक्त किरणांवर चालणारा, म्हणजे एनडीआयआर प्रकारचाच घ्यावा. स्वस्त उपकरणांतली काही प्रत्यक्ष वायू न मोजता इतर बाष्पांवरून अंदाज बांधतात. दारात सॅनिटायझर वापरला की ती घाबरून वाटेल तो आकडा दाखवतात. मीटर प्रेक्षकांच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला ठेवावा. दाराजवळ, हवेच्या झोताखाली किंवा कुणाच्या तोंडासमोर नको. प्रयोग सुरू होऊन दहा मिनिटांनी केलेली नोंद निरुपयोगी असते. बंदिस्त जागेत आकडा चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. नोंदवायचा तो शेवटच्या टप्प्यातला सर्वांत मोठा आकडा. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की गाळणीची यंत्रे विषाणूवाहक कण अडवतात, कार्बन डायऑक्साइड नाही. सभागृहात चांगल्या गाळण्या चालू असतील तर काटा 1100 दाखवत असला तरी कणांचा धोका त्यामानाने कमी असू शकतो. गाळणीची हवा अर्जात वेगळ्या ओळीत लिहावी, दोन्हींची खिचडी करू नये.

खिडक्यांवर भिस्त असलेल्या जुन्या सभागृहांत शरद एका अर्थी सोयीचा. बाहेर आतल्यापेक्षा आठ-दहा अंशांनी गार असेल तर वरच्या झरोक्यांची आणि खालच्या दारांची हातभर फटही पुरते. उबदार हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी आत येते. मध्यंतरात सगळे सताड उघडून पुन्हा बंद करण्यापेक्षा अशी फट अखेरपर्यंत ठेवणे चांगले. प्रेक्षकांनाही झोंबरा वारा लागत नाही. फसगत होते ती निवांत, वारा पडलेल्या संध्याकाळी. आत-बाहेर सारखेच तापमान असले की उघडी खिडकीही जवळपास काही करत नाही. अशा दिवसासाठी एका बाजूच्या खिडक्यांत हवा बाहेर फेकणारे पंखे तयार हवेत. तोंड बाहेरच्या दिशेला, आणि भोवतीची मोकळी फट पुठ्ठ्याने बंद केलेली. नाहीतर फेकलेली हवा त्याच फटीतून परत आत येते.

‘खुल्यावर घ्या’ हा सल्ला बरोबर, पण मंडपाला खुली जागा म्हणणे चूक. पाऊस-वारा आला की एकेक कनात खाली सोडली जाते, आणि तीन बाजू बंद झाल्या की ती खोलीच झाली, तीही पंखा नसलेली. इंग्लंडमध्ये महासाथीतल्या नियमांनुसार छत असलेल्या जागेच्या निम्म्याहून जास्त भिंती बंद असतील तर ती बंदिस्त धरली जाई. आपल्या अर्जातही तोच निकष घालावा, आणि समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या राहाव्यात. फक्त वाऱ्याकडची एकच बाजू उघडी ठेवली तर मंडप शिडासारखा फुगतो आणि खुंट्या उपटतात.

गर्दी मात्र उघड्यावरही गर्दीच. 1918 च्या फ्लूच्या साथीत, 28 सप्टेंबरला, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी मिरवणूक निघाली, सुमारे 2 लाख लोक जमले, आणि काही दिवसांतच शहरातली रुग्णालये भरून गेली. तिथल्याच सेंट लुईस शहराने 7 ऑक्टोबरला, म्हणजे पहिल्या रुग्णांनंतर अवघ्या दोन दिवसांत, नाट्यगृहे आणि सभा बंद केल्या. सेंट लुईसमधला मृत्यूंचा उच्चांक बराच खाली राहिला. शहरात लागण झपाट्याने वाढत असेल तर आमचे सगळे गुणाकार-भागाकार बाजूला ठेवून कार्यक्रम पुढे ढकलावा. परवानगीत ही अट आधीच लिहिलेली असावी, ऐन वेळच्या वादावर सोडू नये.

गाण्याबद्दल जरा जास्त लिहावे लागेल. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीच्या समूहगायकांची अडीच तासांची तालीम झाली. हजर 61 जणांपैकी 53 कोविडने आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. तो जाहीर कार्यक्रम नव्हता, तालीम होती. तरीही परवानगी आणि तपासणी होते ती प्रयोगाची. तालमीची खोली लहान, दारे बंद, वेळ दुप्पट, आणि गाणारे खांद्याला खांदा लावून. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या मोजमापांत दिसले, की गाणे की बोलणे यापेक्षा आवाज किती मोठा यावर तोंडातून बाहेर पडणाऱ्या कणांचे प्रमाण जास्त ठरते. अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजात कणांच्या एकूण वस्तुमानात 20 ते 30 पटींचा फरक पडतो. तेव्हा तालमीत माइक लावून गळ्यावरचा जोर कमी करणे हा फुकटातला उपाय आहे. अर्धा तास गाऊन सगळ्यांनी खोली सोडावी.

किती वेळ सोडावी? हवा नीट मिसळत असेल तर खोलीभर हवा एकदा बदलली की सुमारे 63 टक्के जुने कण जातात, दोनदा बदलली की 86 आणि तिसऱ्यांदा 95. तासाला सहा वेळा हवा बदलणाऱ्या खोलीला अर्धा तास पुरतो, दोनदाच बदलणारीला दीड तास. दोन प्रयोगांमधली सुट्टीही याच हिशेबाने ठरवावी. खुर्च्या पुसायला लागणाऱ्या वेळाने ती ठरत नाही.

मध्यंतर काढूनच टाकावे. 22 ऑगस्ट 2020 रोजी जर्मनीतल्या लाइपझिगच्या अरीना सभागृहात हाले विद्यापीठाने संगीतकार्यक्रम घेऊन वैज्ञानिक चाचणी केली, तेव्हा प्रेक्षकांचे जवळचे संपर्क मुख्यतः आत येताना आणि मध्यंतरात झाले. आसनांवर बसलेले लोक तसे शिस्तीतच असतात. घोळ होतो तो दारात आणि प्रसाधनगृहाच्या रांगेत. तीन तासांच्या एका प्रयोगाऐवजी सव्वा तासाचे दोन प्रयोग करावेत. तिकिटावर येण्याची पंधरा मिनिटांची वेळ आणि दाराचा क्रमांक छापावा, आणि सुटताना मागच्या रांगांपासून सोडावे.

बार्सिलोनात डिसेंबर 2020 मध्ये एका बंदिस्त संगीतकार्यक्रमाची रीतसर चाचणी झाली. त्याच दिवशीची अँटीजेन तपासणी, एन-95 मास्क आणि चांगले वायुवीजन, तिन्ही एकत्र. आत गेलेल्या 465 जणांत नंतर एकही लागण आढळली नाही. यातले एक कलम उचलून बाकीची सोडणाऱ्यांनी या चाचणीचा दाखला देऊ नये. तपासणीचे किट शरदाच्या रात्री उघड्या टेबलावर गारठू देऊ नयेत. बहुतेक किट सामान्य तापमानाला वापरायचे असतात, थंडीत निकाल चुकू शकतो. पट्टीवर छापलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघही धरू नये.

शेवटची अट पैशांची. ताप, खोकला किंवा तपासणीत लागण असलेल्याला प्रयोगाच्या तासभर आधीपर्यंत, दाखला न मागता, पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या तारखेचे तिकीट मिळेल, असे तिकिटावरच छापावे. पैसे बुडणार असतील तर माणूस गोळी घेऊन येतो, दारातला तापमापक त्याला हसतमुखाने आत सोडतो. या परताव्यापोटी एकूण तिकीटविक्रीचा काही भाग आयोजकाने वेगळा ठेवल्याचा पुरावा अर्जासोबत जोडायला लावावा, आणि भरलेल्या अर्जाची प्रत, मोजणी करणाऱ्याच्या सहीसह, प्रवेशद्वारावर लावावी.

कळावे,
शहरातील काही सभागृह-तंत्रज्ञ व कार्यक्रम-नियोजक