मुलगी पुढे, आई मागे

महोदय,

अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या कंट्री संगीताचा विषय निघाला की आपली गाडी जॉनी कॅश आणि डॉली पार्टनपुढे सहसा सरकत नाही. केंटकीतल्या ॲशलंडच्या नेओमी आणि वायनोना या मायलेकींची ‘द जड्स’ ही जोडीही ऐकायला हवी. नेओमी नर्स होती. रुग्णालयात आलेल्या एका मुलीचे वडील संगीत निर्माते ब्रेंट माहेर आहेत हे कळल्यावर तिने घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट त्यांच्या हाती ठेवली. १९८३ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे गाणे कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मुख्य आवाज मुलीचा, भरदार. आई मागून साथ देणारी. आपल्याकडे सहसा याच्या उलट चालते! वाद्ये मोजकीच, त्यामुळे दोघींचे स्वर कुठे मिसळतात ते स्वच्छ ऐकू येते. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारामुळे नेओमीला १९९१ मध्ये निरोपाचा दौरा करावा लागला. वायनोना एकटी गात राहिली. ३० एप्रिल २०२२ रोजी नेओमी गेली. दुसऱ्याच दिवशी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जोडीचा सन्मान ठरलेला होता. तो झाला. एकत्र ठरवलेला दौराही वायनोनाने इतर गायिकांना सोबत घेऊन केला.

– एक संगीतप्रेमी वाचक, सांगली