स्तुतियि, अक्का

आयुष्मती अक्का,

जय भीम. आणि तुमच्या रीतीने, आयुबोवन.

हे पत्र मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहायला बसले होते, दोन ओळींनंतर पेन थांबलं. माझी एक विद्यार्थिनी याचं इंग्रजी करून तुम्हाला पाठवणार आहे. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते आधी माझ्या माणसांना माझ्या भाषेत कळावं, म्हणून हे असं उघडं पत्र.

आमच्याकडे बौद्धांच्या लग्नपत्रिकेत नावाआधी 'आयु.' लिहितात. आयुष्मान, आयुष्मती. कोलंबोत तुमच्या ग्रंथालयाच्या दारात तुम्ही हात जोडून 'आयुबोवन' म्हणालात, दीर्घायुषी व्हा, तेव्हा माझ्या चारही मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या दिवशी सकाळपासून आम्हाला कुणी नमस्कारसुद्धा केला नव्हता.

सकाळचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय तुमच्या खुर्च्यांचं मोल कळायचं नाही. मी नागपूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी पाली शिकवते. दोन वर्षं खटपट करून हा दौरा जमवला होता. आमच्या मुलींनी तुमच्याकडे सिंहली लिपीतली पाली शिकावी, तुमच्या मुलींनी इथे येऊन अजिंठा पाहावा, दरवर्षी दोघी-दोघींनी जावं-यावं, एवढीच योजना. चौघींच्याही घरात पासपोर्ट काढणारी ही पहिलीच. आमच्याकडच्या ज्या कार्यालयाने पत्र पाठवायचं कबूल केलं होतं, त्याने ते पाठवलंच नव्हतं. तुमच्याकडच्या ज्या कार्यालयात आम्ही गेलो, तिथल्या साहेबांनी यादीत नाव नाही म्हणून आम्हाला बाहेर उभं केलं. तीन तास. व्हरांड्यात बाकं होती, त्यांवर फायलींचे गठ्ठे होते. शेवटी 'सोमवारी या' असं सांगितलं. सोमवारी पोसोन पोया, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमा. पौर्णिमेला तुमच्या देशात सगळ्यांना सुट्टी असते, हे त्या साहेबांना ठाऊक होतं. मला उशिरा कळलं. मंगळवारचं आमचं परतीचं विमान होतं.

तुमच्या ग्रंथालयात आम्ही खरं तर पाणी मागायला आलो होतो.

आणि तुम्ही कुठून आलात, कुणी पाठवलं, पत्र आहे का, यातलं काही विचारलं नाहीत. 'वाडि वेन्न,' म्हणालात. आम्हाला कळलं नाही. मग तुम्ही हाताने खुणावलंत, आम्हाला मोजलंत आणि खुर्च्या आणायला लागलात. तीन खुर्च्या टेबलापाशी होत्या. चौथी आतल्या खोलीतून आणलीत. पाचवी सापडेना, तेव्हा स्वतःची उचलून दिलीत आणि तुम्ही उभ्या राहिलात. 'वाडि वेन्न' म्हणजे बसा, हे आम्ही त्या पाचव्या खुर्चीवरून शिकलो.

तुमची खुर्ची जिच्या वाट्याला आली तिची आजी शाळेत असताना दाराजवळ पोत्यावर बसायची. वर्गात बाकं होती, ती हिच्यासाठी नव्हती. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा आजी आईच्या कडेवर होती. पुढे शाळेत गेली तरी ते पोतं सुटलं नव्हतं. ही गोष्ट तुम्हाला माहीत असण्याचं काही कारण नाही. आपली खुर्ची दिल्याने एवढ्या दूरच्या एका घरात काय पोचणार आहे, हे ठाऊक नसताना तुम्ही ती दिलीत, म्हणून मला ती जास्त मोलाची वाटते.

मग पाणी झालं, चहा झाला. बोलायचं कसं हा प्रश्न होता. तुमचं इंग्रजी थोडं, मुलींचं त्याहून थोडं. म्हणून एकीने सरळ हात जोडले आणि घरी रोज म्हणतात ते सुरू केलं, 'नमो तस्स भगवतो'. तिसऱ्या शब्दाला तुमचा आवाज मिळाला. चाल वेगळी होती. आमच्याकडे जिथे लांबवतात तिथे तुम्ही थांबत होतात, पण शब्द एक न् एक तेच. 'बुद्धं सरणं गच्छामि'ला तर ग्रंथालयाच्या दुसऱ्या टोकाला वाचत बसलेले म्हातारे गृहस्थही पुस्तक मिटून म्हणायला लागले. वर्गात मी गेली कित्येक वर्षं सांगत आलेय की पालीला स्वतःची लिपी नाही, जो देश लिहील त्याची लिपी ती घेते. त्या दुपारी मुलींनी ते कानांनी ऐकलं.

त्यानंतर तुम्ही ताडपत्राची पोथी उघडलीत. लोखंडी टोकाने कोरलेली आणि मग काजळीने काळी केलेली ती गोल गोल अक्षरं बघून मुली हरखल्या. तुम्ही 'पोत' म्हणालात, आम्ही 'पोथी'. तुम्ही 'अत', आम्ही 'हात'. आकडे मोजताना तुम्ही 'दहय' म्हणालात आणि चौघी ओरडल्या, 'दहा!' हिंदीत दस होतं, बंगालीत दश होतं. 'स'चा 'ह' करून बसलेले आपण दोघे इतक्या लांब कसे, यावर मी आता मुलींना वर्षभर शिकवू शकेन. आणि 'अक्का'. थोरल्या बहिणीला तुम्हीही अक्काच म्हणता, हे कळल्यावर तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायचा प्रश्नच उरला नाही.

आम्ही भेट म्हणून अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्राची मोठी छापील प्रत नेली होती. बौद्ध कथेतला राजा सिंहल आपलं सैन्य घेऊन लंकेच्या किनाऱ्याला उतरतो, हत्ती नावेत उभे आहेत, ते चित्र. साहेबांनी ती गुंडाळी उघडली नव्हती. तुम्ही ती टेबलावर पसरलीत, चारही कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवलीत आणि किती तरी वेळ त्या हत्तींकडे बघत राहिलात. त्या कार्यालयासाठी आणलेली भेट मी तिथेच तुम्हाला दिली. ती योग्य हातात गेली.

पोसोनच्या दिवशी तुम्ही पांढरी साडी नेसून आम्हाला न्यायला आलात. मालिगाकंदला विद्योदय पिरिवेन दाखवलंत. 1873 साली सुमंगल थेर या ज्येष्ठ भिक्षूंनी उभारलेलं हे भिक्षूंचं विद्यापीठ. 1902 मध्ये आमच्या गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून, काशी, नेपाळ, बुद्धगया पालथी घालत इथे पोचले आणि याच थेरांच्या हाताखाली पाली शिकले. पुढे त्यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली. मी आज जे शिकवते त्याचा एक धागा त्या अंगणातून आलाय.  त्यांनाही कुणी तरी आधी बसायला सांगितलं असेल, असं तिथे उभी असताना सारखं मनात येत होतं.

दुपारी दन्सलच्या रांगेत तुम्ही आमच्याबरोबर उभ्या होतात. भात, डाळ, नारळाचा संबोल, फुकट, येईल त्याला. मुलींना दीक्षाभूमीवरचे अन्नदानाचे मंडप आठवले. मला हेच म्हणायचंय अक्का, की दोन देशांची मैत्री कशी वाढवावी यावर मी पुष्कळ बैठकांना बसलेय, सह्यांचे फोटो पाहिलेत. त्यातल्या एकाही बैठकीने माझ्या मुलींना लंका दिली नाही. ती तुम्ही दिलीत, आणि वाढणाऱ्याने जात-गाव न विचारता वाढलेल्या त्या भाताने दिली.

दर पौर्णिमेला एक पान पाठवायचं आपलं ठरलंय. वरची ओळ सिंहली लिपीत तुमच्याकडून, खालची देवनागरीत आमच्याकडून. पहिलं पान आलं. मुलींनी ते वर्गात लावलंय. त्यात कुणाची परवानगी लागली नाही.

आभार मानायला तुम्ही 'स्तुतियि' म्हणता. आमच्याकडे स्तुती म्हणजे कौतुक. मला इथे दोन्ही अर्थ हवेत.

परत आल्यावर तुमची खुर्ची मिळालेली मुलगी आजीला सगळं सांगत होती. समुद्र, विमान, ताडपत्र. आजी ऐकत होती. खुर्चीचं आलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "त्या बाईले आपल्या घरी जेवाले कवा बलावतं, पोरी?"

तारीख कळवा, अक्का.